आवाज जतन केला आहे

६ जानेवारी २०२५, सोमवार

कारखान्याकडून पहिल्याच दिवशी दोन वस्तू मिळाल्या, एक टॉवेल आणि ही डायरी. टॉवेलवर मोर आहे, डायरीवर माग. टॉवेल लेकीला, पायलला दिला की वही माझी, अशी वाटणी करून टाकली.

चिंचोळी एमआयडीसीतला हा टॉवेलचा कारखाना. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं कानात शिरत नाही. म्हणून छताला चौदा कर्णे लावलेत आणि वर माळ्यावर काचेची एक खोली बांधली आहे. पाळी बदलली, अमक्याला गेटवर बोलावलंय, बाराव्या मागापाशी तेल सांडलंय, हे सगळं मी त्या खोलीतून सांगायचं. सकाळी सात ते साडेतीन. बार्शीला आठ वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, तिथं चाळीस मुलं माझं ऐकायची नाहीत. इथं साडेतीनशे माणसांना ऐकावंच लागणार. बढतीच म्हणायची ही.

मॅनेजर यज्ञेश्वर सर गोड माणूस आहे. ही जागा वर्षभर रिकामी होती म्हणाले. खोली मला सोलापूरजवळ बाळे गावात मिळाली, कंपनीची बस दारावरून जाते.

पायल पहिलीत आहे. वर्ष संपेपर्यंत ती टेंभुर्णीला माझ्या आईकडे राहील, जूनमध्ये इकडे आणेन. तिचे बाबा नोकरीसाठी पुण्याला गेले ते तिकडचेच झाले, त्यांच्यावर शाई घालवत नाही. पोरीला नुकतं वाचता यायला लागलंय आणि मनातल्या मनात वाचणं तिला माहीतच नाही. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, डॉक्टरची चिठ्ठी, जे दिसेल ते अक्षर लावून मोठ्यानं वाचते.

आईकडे बटणांचा साधा फोन, म्हणजे तोंड दिसायचं नाही, आवाजावरच भागवायचं. उद्घोषणेच्या कॉम्प्युटरला बाहेरची लाइन आहे, जेवणाच्या सुट्टीत त्यावरून घरी बोलत जा, असं सर आपणहून म्हणाले. रोज दीड वाजता गोष्ट सांगायचं कबूल केलं आहे. शेंगदाण्याएवढ्या राणीची गोष्ट. ती चटणीच्या उखळापाशी राहते, त्यामुळे रोज तिच्या जिवावर बेततं आणि रोज ती वाचते.

७ जानेवारी, मंगळवार

सात वाजता तोंड उघडलं आणि कुणालाच ऐकू गेलं नाही. कर्णे मुके.

कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, मेनू सगळे मराठीत. आवाजाचा पडदा उघडला तर काळ्या पाटीवर चार उभे खांब. मास्टर शून्य, स्पीकर शून्य, माइक शून्य आणि खाली सगळ्यांना मूक असल्याची खूण. चौथ्या खांबाला नावच नाही. जुन्या मशिनीत असं एखादं अनाथ कुणीतरी असतंच. खुणा काढल्या, तिन्ही खांब चौऱ्याहत्तरवर नेले, आणि खालून लोकांनी हात वर करून दाखवले.

ज्ञानबा म्हणून साठीचे वायरमन आहेत. ते जिन्यात उभे होते. म्हणाले, हे रोजचंच हाय बाई, रोज वर करायचं, रोज आपोआप खाली जातंय. रोज वर करायला मी काय हापशावर आले आहे, असं मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

या मशिनीला आवाज किती ठेवायचा हे एकदा लिहून दिलं की बंद करून चालू केल्यावर ती तो वाचते आणि तसाच लावते. त्याची एक आज्ञा आहे, एका ओळीची. मंगळवारी दिली, बुधवारी सगळं शून्य. काल पुन्हा दिली, आज पुन्हा शून्य. बंद होताना आपोआप लिहून ठेवायची सोय असते, तीही कुणीतरी मुद्दाम बंद केली आहे.

मला असल्या गोष्टीचा राग येतो. न सुटणारं गणित ताटात ठेवून जेवायला बसल्यासारखं वाटतं.

पायलला आवाज छान ऐकू गेला. राणी आज उखळात पडता पडता राहिली.

१० जानेवारी, शुक्रवार

चोर सापडला. मशिनीत दिलेल्या आज्ञांची यादी राहते. रोज मी गेल्यावर दहा मिनिटांनी कुणीतरी ती आवाजाची फाइल पुसतं. आज बसला जाते म्हणून जिन्याखाली थांबले आणि परत वर आले. खुर्चीत ज्ञानबा. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून हातात एक मळका कागद धरून त्यावरचं एकेक अक्षर बटणांवर शोधून दाबत होते.

कागद सुकन्याच्या हातचा, माझ्याआधी इथं होती ती. ज्ञानबांनी हात जोडले. म्हणाले, ‘जतन नका करू बाई. रोज वर करा, रोज जाऊ द्या. त्या पोरीनं जतन केला आन् तिचा आवाज गेला की. डॉक्टर म्हणतंय नरड्याला कायबी झालं न्हाय.’ ती आता कुंभारीला भावाकडे असते, बोलत नाही.

मी सरांना सांगितलं. सर हसले, मग ज्ञानबांना बोलले, मला वाटलं त्यापेक्षा कडक. पासवर्ड बदलून माझ्याकडे दिला. परत येताना ज्ञानबांकडे बघवलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या भीतीपायी कारखाना मुका ठेवायचा का?

११ जानेवारी, शनिवार

पक्का बंदोबस्त केला. फाइलला कुलूप घातलं, आता ती कुणाला पुसता येणार नाही. पडद्यावर एक बटण करून ठेवलं. दाबलं की कुलूप उघडतं, आवाज लिहिला जातो, परत कुलूप. मशीन बंद होताना आणि चालू होताना हे आपलं आपण होईल. बटणावर ‘आवाजाची पातळी जतन करा’ लिहायचं होतं, पण ‘पातळी’ हा शब्द चौकोनात मावेना. मग नुसतं ‘आवाज जतन करा’ ठेवलं. काम झालं की खाली अक्षरं येतात, ‘आवाज जतन केला आहे’.

स्वतःवरच खूश होऊन उडप्याकडे डोसा खाल्ला.

१३ जानेवारी, सोमवार

जमलं. मशीन चालू केली आणि तिन्ही खांब चौऱ्याहत्तरवर. इतका आनंद झाला की पाळीची घोषणा दोनदा केली.

चौथा खांब बारावर आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

घसा किंचित कोरडा. खालून सुताची पिंज उडते, तिची सवय व्हायला वेळ लागेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सरांच्या सांगण्यावरून कर्ण्यांतून सगळ्यांना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हटलं. खालून साडेतीनशे माणसांनी वर बघितलं, बरं वाटलं.

ज्ञानबांना इतकं बोलणं खावं लागलं, तरी कागदाच्या पुडीत तिळगूळ घेऊन आले. हातावर ठेवला आणि म्हणाले, बोला बाई, बोलत ऱ्हावा. बाकीचे लोक जे म्हणतात तेच, पण त्यांनी ते विनवल्यासारखं म्हटलं.

दीड वाजता पायल म्हणाली, मम्मी, मोठ्यानं बोल की. मी मोठ्यानंच बोलत होते. चौथा खांब एकतीस.

१५ जानेवारी, बुधवार

हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सात वाजायला एक मिनिट होतं. मी पाणी पीत होते. पेला तोंडाला होता. आणि कर्ण्यांतून मी बोलले. पहिली पाळी सुरू होत आहे, सगळ्यांनी आपापल्या मागावर जावे. माझाच आवाज, ‘आपापल्या’ म्हणताना माझी जीभ अडते तसा अडलेला. मागून ‘गोड बोला’सुद्धा.

रेकॉर्डिंग असेल म्हणून सगळी मशीन धुंडाळली. एकही ध्वनिफीत नाही. दहा वाजता तो आवाज परत आला आणि महिपती वाघमारे यांनी गेटवर यावे म्हणाला. मी या महिपतींचं नाव आयुष्यात उच्चारलेलं नाही. गेटवर त्यांचा भाऊ खरंच येऊन उभा होता.

सर वर आले ते शाबासकी द्यायला. आवाज किती स्पष्ट येतो आता, म्हणाले. मी काहीतरी बोलले, त्यांनी कानाला हात लावून ‘काय?’ विचारलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कॅन्टीनमध्ये तीनदा चहा मागितला. शेवटी बोट दाखवलं.

चौथ्या खांबाखाली आता नाव आलं आहे, माझंच. भार्गवी. चौऱ्याहत्तर.

खांबाला कुणी हात लावत नाही, मग तो वाढतो कसा? माझ्याशिवाय पासवर्ड कुणाकडे नाही.

पायलला आज काहीच ऐकू गेलं नाही. नुसती खरखर येतीय म्हणाली. ती रडत होती आणि मी इकडून जीव तोडून हाका मारत होते. मग फोन तिनंच ठेवला.

मला भीती वाटते आहे. हे शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिताना हसू येतं, पण वाटते आहे.

१९ जानेवारी, रविवार

कुंभारीला जाऊन आले. ज्ञानबा सोबत होते, एक शब्द कुरकुरले नाहीत. शोधूनही असा माणूस मिळायचा नाही आणि त्यांनाच मी बोलणी खायला लावली.

सुकन्या माझ्याच वयाची. अंगणात बसून भाचीची वेणी घालत होती. मला बघून सगळं समजली. भाचीची पाटी घेतली आणि लिहून पुसत, लिहून पुसत आम्ही दोघी बोललो, कारण माझंही आता ओठांबाहेर काही येत नाही.

तिनं लिहिलं: किती झाला?

मी लिहिलं: काल एक्क्याऐंशी.

तिनं लिहिलं: शंभराच्या आत पुसलास तर तुझा तुला परत मिळेल. शंभर झाल्यावर पुसलास तर कायमचा जाईल.

मी विचारलं, तू कधी पुसलास? तिनं शंभराचा आकडा काढला. एवढं माहीत असून का पुसलास, असं विचारल्यावर तिनं भाचीकडे बोट केलं आणि लिहिलं: मीही तिथून घरी फोन करायचे. शंभर झाल्यावर तो माझ्या आवाजात हिच्याशी बोलायला लागला. ये म्हणाला. त्याला दुसरा आवाज हवा होता.

मग पाटी पुसली आणि लिहिलं: तू तिथून घरी फोन केलास?

मी पाटी खाली ठेवली.

आज मशीन बंद आहे. उद्या सकाळी पहिलं काम, फाइल पुसायची. अजून एकोणीस बाकी आहेत.

२० जानेवारी, सोमवार

सातला वीस मिनिटं असताना खुर्चीत. खांब त्र्याऐंशी. कुलूप उघडायची आज्ञा निम्मी लिहिली आणि वीज गेली. आली. मशीन आपोआप चालू झाली. आवाज जतन केला आहे. एकोणनव्वद. परत लिहायला घेतली, वीज परत गेली. चौऱ्याण्णव. घाईत एक अक्षर चुकलं. तिसऱ्यांदा वीज गेली.

शंभर.

ज्ञानबा धावत वर आले. मी लिहून दाखवलं. ते म्हणाले, आता पुसा बाई, लेकरू हाय तुमचं.

मी पुसणार होते. देवाशपथ पुसणार होते. पण दीड वाजला आणि मशिनीनं आपण होऊन फोन लावला. पायलनं उचलला. आणि माझा आवाज तिला म्हणाला, बाळा, घसा बसला होता गं, आता बरा आहे. शेंगदाण्याएवढी राणी कुठे होती आपली? पायल इतकी हसली. आठवड्यात हसली नव्हती अशी. तो गोष्ट सांगत होता आणि मी शेजारी बसून ऐकत होते. माझ्यापेक्षा चांगली सांगतो. मी दमलेली असते, त्याला दम लागत नाही.

पुसला तर ती पुन्हा कधीच मला ऐकणार नाही. आज एक दिवस ऐकू दे. उद्या पुसते.

२१ जानेवारी, मंगळवार

माळ्याला कुलूप. किल्ली चालेना. यज्ञेश्वर सर म्हणाले, तुम्हीच तर सकाळी इंटरकॉमवर म्हणालात, घसा बरा नाही, घोषणा आपोआप होतात, मला पॅकिंगमध्ये द्या. पासवर्ड आणि कुलूपही तुम्हीच बदलून घेतलंत की. मी मान हलवली, हात हलवले. त्यांनी मला विश्रांती घ्या म्हटलं आणि ते हैदराबादला गेले.

पॅकिंगमध्ये टॉवेलच्या घड्या घालत उभी. डोक्यावर चौदा कर्णे. प्रत्येकातून मी.

आईच्या फोनवर मेसेज केला, कारखान्यातून आलेला फोन उचलू नका, माझा नाही. आईला बारीक अक्षरं दिसत नाहीत. पायलनं वाचून दाखवला असणार. दीड वाजता वरून ऐकू आलं, कर्णा चुकून चालू राहिला होता किंवा मला ऐकवायचंच होतं — बाळा, तो मेसेज चुकून गेला. तू असं कर —

पुढचं मागांच्या आवाजात गेलं.

उद्या पहाटेच्या एसटीनं टेंभुर्णी.

२२ जानेवारी, बुधवार
सकाळी साडेआठ, टेंभुर्णी

दाराला कुलूप. शेजारच्या केराबाईंना लिहून विचारलं. त्यांना वाचता येत नाही, त्यांच्या सुनेनं वाचलं. आजी आन् नात मगाशीच सोलापूरच्या गाडीनं गेल्या की, म्हणाल्या. तुझाच फोन आला होता की. या, पायलला माझी खोली दाखवते, माइकवर बोलायला शिकवते म्हणालीस.

टेंभुर्णीच्या जवळपासच कुठंतरी आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या.

बसमध्ये

कंडक्टरला लिहून दाखवलं, जोरात चालवा. तो म्हणाला, ताई, बसा.

चिंचोळी फाट्यावर उतरायचं. सुकन्याला माहीत होतं, तिनं पुसला. मलाही माहीत होतं, तरी — मी ऐकत बसले. मी गोष्ट ऐकत बसले.

कारखाना

आई गेटवर चहा पीत बसली आहे. म्हणते, तूच तर म्हणालीस, पायलला एकटीला वर पाठव. कुलूपही गेटवरच्या माणसानं तुझ्याच सांगण्यावरून उघडलं.

माळ्यावर. काचेबाहेर. पायल आत, माझ्या खुर्चीत, पाय खाली टेकत नाहीत. दाराला आतून कडी. ती का लावली ते कळलं, कर्ण्यांतून मीच बोलत होते, कडी लाव बाळा, बाहेर फार गोंगाट आहे. समोर माइक. माझ्या खांबाशेजारी पाचवा खांब. नाव नाही. बावीस.

काच जाड. मुठी मारून काही होत नाही. ज्ञानबा पहार आणायला गेलेत. वीज बंद करू नका म्हणून मीच लिहून सांगितलं, वीज गेली की तो आणखी —

तिनं मला बघितलं. हात हलवला. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं, हसली.

काचेखालच्या फळीवर वही ठेवून मोठ्या अक्षरात लिहिते —

पायल बोलू नकोस

ती वाकून वाचते आहे. पा. य. ल. बो, लू. मोठ्यानं. न. को. स. खाली चौदाही कर्ण्यांतून. माग थांबवून लोक वर बघतायत. अठ्ठेचाळीस.

माझा आवाज तिला म्हणतोय, शाबास. मम्मी काय लिहिते बघ. पुढे वाच.

गप्प बस बाळा दार उघड

तेही वाचलं. तिला वाटतंय मी परीक्षा घेते. एकाहत्तर. खांबाखाली पा आलं —

ज्ञानबा जिन्यात. पहार वाजते आहे पायरीवर.

वही मिटायला हवी. तिची नजर या ओळीवर आहे, उलटी अक्षरं लावतेय, मी जे लिहिते ते सगळं — व, ही, मि, टा — कर्ण्यांतून येतंय. मी थांबले की ती थांबेल. हात थांबत ना